उद्यमनगरातलं टर्बोचं काम: जुनी एस्टीम, ०.४ बार आणि न मिळालेलं पक्कं बिल

टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, बसवून देतो म्हणणारे पुण्या-मुंबईत पुष्कळ आहेत. मी काम दिलं ते कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरातल्या एका गॅरेजला. पत्र्याची शेड, दोन गाड्या कशाबशा मावतील एवढी जागा, मागं लेथ आणि एक जुनं सरफेस ग्राइंडर, शेजारी बोअरिंगचं दुकान. गॅरेजचं नाव इथं देत नाही. का देत नाही ते पुढं कायद्याच्या गोष्टीत येईलच.

गाडी २००४ची मारुती एस्टीम. इंजिन जी१३बीबी, १२९८ सीसी, सोळा व्हॉल्व्ह, कागदावर ८५ बीएचपी. २००५ला आलेल्या पहिल्या पेट्रोल स्विफ्टमध्ये हेच इंजिन होतं आणि जिप्सी किंगमध्येही. त्यामुळं पार्ट मिळायची चिंता नाही, आणि हे इंजिन कधी उघडलं नाही असा मिस्त्री आपल्याकडं सापडायचा नाही. गाडी आता रस्त्यावर चालवत नाही. ट्रॅक आणि ऑटोक्रॉसपुरतीच ठेवली आहे, नेआण फ्लॅटबेडवरून.

मी स्वतः शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. इंजिनातलं मला बेताचंच कळतं, पण ओतलेला तुकडा हातात आला की तो कसा झालाय ते सांगू शकतो. त्यामुळं हा रिव्ह्यू थोडा ओतकामाकडं झुकणार, चालवून घ्या.

पहिल्या भेटीत गॅरेजच्या मिस्त्रींनी टर्बोचा विषय काढूच दिला नाही. "आधी इंजिन किती जित्तं हाय ते बघूया की. मग बोलू." इंजिन गरम करून चारही प्लग काढले, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवला आणि दाबाचं गेज लावून स्टार्टर मारला. १७२, १७५, १७०, १७४ पीएसआय. आकडा मोठा असण्यापेक्षा चारही आकडे एकमेकांजवळ असणं महत्त्वाचं. दहा टक्क्यांहून जास्त फरक असला की ते पुढचं बोलतच नाहीत. त्यानंतर लीकडाउन. पिस्टन वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची, किती टक्के गळते ते गेजवर बघायचं आणि कुठून गळते ते कानानं ऐकायचं. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. या तपासणीचे दीड हजार घेतात आणि गाडी नापास झाली तरी परत देत नाहीत. मला हे पटलं. माझ्यासमोर एका पोराची झेन परत पाठवली, तिसऱ्या सिलिंडरला जेमतेम १३० येत होते. पोरगं रोख पैसे पुढं करत होतं. "आधी रिंगा टाकून आण, पैसं कुठं पळत न्हाईत," एवढंच बोलले.

एवढी कडक तपासणी का, तर असल्या इंजिनाचे पिस्टन साधे ओतलेले असतात, फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) नसतात. रिंगांच्या मधली कड, जिला रिंग लँड म्हणतात, ती बारीक असते. निव्वळ दाबानं ती सहसा मोडत नाही, मोडते ती नॉकिंगनं. प्लगची ठिणगी पडल्यावर उरलेलं मिश्रण ज्योत पोचायच्या आधी स्वतःहून पेटलं की हातोडा मारल्यासारखा दाब बसतो, आणि ओतीव ॲल्युमिनियमला तसला दणका सोसत नाही. म्हणून मिस्त्रींचं सगळं गणित नॉकिंग होऊ न देण्याभोवती फिरतं. बूस्ट, म्हणजे टर्बोनं दिलेला जादा दाब, ०.४ बार, म्हणजे सहा पीएसआयच्या आत. जास्त मागितला तर सरळ सांगतात, मग फोर्ज्ड पिस्टन आणि रॉड घालून इंजिन नव्यानं बांधायचं आणि ते काम मी घेत नाही. वेस्टगेटची (जादा धूर टर्बोला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेची) स्प्रिंगच तेवढ्या दाबाची घालतात आणि बूस्ट कंट्रोलर लावत नाहीत. डॅशबोर्डवर फिरवायला बटणच नसलं की मित्रांच्या आग्रहाला बळी पडायचा प्रश्न येत नाही.

दुसरा नकार जुन्या डिझेल टर्बोला. भंगारातून स्विफ्ट डिझेलचा केपी३५ काढून आणणारे लोक त्यांच्याकडं नेहमी येतात, कारण तो लहान असतो आणि स्वस्तात मिळतो. पण डिझेलचा धूर पेट्रोलच्या मानानं थंड. पेट्रोल इंजिन जोरात असताना एक्झॉस्ट साडेनऊशे अंशांच्या आसपास जातो, आणि डिझेलच्या टर्बाइन हाउसिंगचं लोखंड तेवढ्यासाठी निवडलेलं नसतं. व्हीजीटी असेल तर आणखी वाईट, त्यातली हलणारी पाती त्या उष्णतेत अडकून बसतात. माझ्यासाठी पेट्रोलच्या कामाचा, पाण्यानं थंड होणारा लहान मित्सुबिशी टर्बो नवीन मागवला. दर खाली-वर करायला वाव नव्हता, बॉक्स माझ्यासमोर फोडला.

आता माझ्या आवडीचा भाग, मॅनिफोल्ड, म्हणजे चारही सिलिंडरचा धूर एकत्र करून टर्बोकडं नेणारा तुकडा. बहुतेक ठिकाणी एक्झॉस्ट मॅनिफोल्ड पाइप वाकवून, वेल्डिंग करून बनवतात. फोटोत झकास दिसतो. पण त्याच्या टोकाला टर्बोचं वजन लटकतं, आणि गरम-थंड होताना पाइप वाढतो-आकसतो तो सगळा ताण वेल्डच्या कडेला येतो. आधार नीट दिला नाही तर तिथंच चीर जाते. इथं मात्र मॅनिफोल्ड ओतून घेतात. त्यांच्याकडं जी१३चा लाकडी पॅटर्न आहे, आणि एका फाउंड्रीत सायमो एसजीची हीट (भट्टीतला एक वितळ) निघते त्या दिवशी दोन-तीन साचे भरून घेतात. सायमो म्हणजे चार-एक टक्के सिलिकॉन आणि थोडं मॉलिब्डेनम असलेलं एसजी आयर्न (गोल दाण्यांच्या ग्रॅफाइटचं चिवट लोखंड). कंपन्यांचे मॅनिफोल्ड आणि टर्बो हाउसिंग याच जातीच्या लोखंडाचे असतात. आमच्या गावात हे शक्य आहे, कारण चार किलोमीटरच्या परिघात पॅटर्नवाला, साचेवाला आणि मशीनिंगवाला तिघंही सापडतात. पुण्यात एका नगासाठी कोण हीट लावेल?

मी तुकडा बघायला मागितला. वर्षानुवर्षं हेच करतोय, सवय जात नाही. बाहेरून उत्तम, राइजरची जागा व्यवस्थित घासलेली, कुठं कोल्ड शट (धातूचे दोन प्रवाह नीट न जुळल्याची रेघ) नाही, हलकं ठोकलं तर आवाज स्वच्छ. पण आत टॉर्च मारला तर दुसऱ्या आणि तिसऱ्या पोर्टच्या वळणावर कोअरची (आतली पोकळी घडवणाऱ्या साच्याची) वाळू भाजून चिकटलेली. बाकीच्या कास्टिंगमध्ये याला आम्ही किरकोळ दोष म्हणू. टर्बोच्या आधीच्या मॅनिफोल्डमध्ये हा किरकोळ नाही. दोन-चारदा गरम-थंड झालं की तो पापुद्रा सुटणार आणि मिनिटाला दोन लाखांवर फेरे घेणाऱ्या टर्बाइनच्या पात्यांवर जाऊन आदळणार. मिस्त्रींना दाखवलं. आधी म्हणाले, ब्रश मारून काढतो. मी म्हटलं, ब्रशनं निघणार नाही, शॉट ब्लास्टिंग करा आणि वळणात बर (फिरती छोटी कानस) लावून हातानं घासा, नंतर धुऊन हवा मारा. त्यांनी वाद घातला नाही, तुकडा माझ्याबरोबरच पाठवला आणि मी तो आमच्याकडं करून आणला. तरीही नोंद करून ठेवतो: माझ्या जागी ओतकामाशी संबंध नसलेला कुणी असता तर हे कुणाच्या डोळ्यांत आलं असतं? तुम्ही काम दिलंत तर मॅनिफोल्ड बसवायच्या आधी चारही पोर्टमधून टॉर्च मारून बघा. चमकदार दाणेदार थर दिसला तर ती वाळू.

फेसिंग मात्र पहिल्या नंबरचं. मशीनिंगच्या आधी तुकडा भट्टीत घालून ताण काढून घेतात, त्यामुळं नंतर फ्लँज वाकत नाही. स्ट्रेट एज ठेवून पाच शतांश मिलिमीटरचं फीलर गेज (पातळ मोजपट्टी) कुठं जातंय का ते मी टोकापासून टोकापर्यंत बघितलं, नाही गेलं.

ऑइलच्या लाइनबद्दल त्यांची शिस्त शिकण्यासारखी आहे. टर्बोचा शाफ्ट ऑइलच्या पडद्यावर तरंगतो. ऑइल प्रेशर स्विचच्या जागी टी बसवून तिथून बारीक लाइन वर नेली. तिच्याबद्दल कुणी चुकत नाही. चुकतात ते परतीच्या नळीत. टर्बोतून खाली येणारं ऑइल फेसाळलेलं असतं आणि त्याला ढकलायला दाब नसतो, नुसत्या उतारानं ते संपमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात) यावं लागतं. नळी जाड हवी, कुठंही पोट आलेलं नको आणि संपमधलं तोंड ऑइलच्या पातळीच्या वर हवं. तसं नसेल तर ऑइल तुंबतं, टर्बोच्या सीलमधून बाहेर पडतं, सायलेन्सर निळा धूर सोडतो आणि लोक टर्बो खराब निघाला म्हणून ओरडतात. मिस्त्रींनी संप खाली उतरवून तिथं बंग (नळी जोडायचं तोंड) वेल्ड केला. संप जागेवर ठेवून भोक पाडायची पद्धत त्यांना सांगितली तर अंगावर येतात, कारण किस आत पडतो. क्रँककेसच्या ब्रीदरला वन-वे व्हॉल्व्ह आणि कॅच कॅन (ऑइलची वाफ धरणारा डबा) लावला, नाहीतर बूस्ट उलटा इंजिनाच्या पोटात शिरतो.

हवा दाबली की तापते, हे सायकलचा पंप मारलेल्या कुणालाही माहीत आहे. पण किती तापते? कोल्हापूरच्या उन्हाळ्यात आत शिरणारी हवा ३५ अंश धरा. ०.४ बार दाबली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता पासष्ट टक्के मानली तर ती ८५च्या आसपास बाहेर येते. बूस्ट कमी आहे म्हणून इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारी जाळी) नको, असं सांगणारे भेटतात. पन्नास अंशांची ही वाढ थेट नॉकिंगच्या पारड्यात पडते. इथं रेडिएटरच्या पुढं मध्यम आकाराचा इंटरकूलर आणि टी-बोल्ट क्लॅम्प. पाइपच्या टोकांना मणी काढला होता, म्हणजे होज सटकत नाही. बंपर कापावा लागला नाही, याचं मला विशेष कौतुक.

पेट्रोलचं गणित मिस्त्रींनी कागदावर करून दाखवलं. १२० बीएचपीला पेट्रोल किती, ते चार इंजेक्टरांत वाटायचं, आणि इंजेक्टर ऐंशी टक्क्यांच्या वर उघडा ठेवायचा नाही. उत्तर येतं मिनिटाला साधारण २३५ सीसी. त्यात आता पंपावर ई२० येतं. इथेनॉलला पेट्रोलपेक्षा हवा कमी लागते, म्हणून शुद्ध पेट्रोलचं १४.७ला एक हे प्रमाण ई२०मध्ये साडेतेराच्या आसपास येतं, म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन. म्हणून २७० सीसीचे इंजेक्टर घातले, पंप बदलला आणि जुने रबरी होज काढून इथेनॉल सोसणारे टाकले. वाइडबँड मीटर, म्हणजे धुरावरून हवा-इंधनाचं प्रमाण दाखवणारा, ते लॅम्ब्डावर लावतात. मीटरवर १४.७च्या भाषेत आकडे वाचले की ई२०मध्ये डोक्यात घोळ होतो. लॅम्ब्डा १ म्हणजे बरोबर, मग टाकीत काहीही असो. पूर्ण बूस्टला ०.८०, म्हणजे इंधन जरा जास्त.

कंपनीचा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) काढला. त्याचा मॅप सेन्सर (आत येणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) वातावरणाच्या दाबापर्यंतच वाचतो, त्यापुढं बूस्ट आला तरी त्याला दिसत नाही आणि पेट्रोल तेवढंच पडत राहतं. प्रेशरनुसार पेट्रोल वाढवणारा यांत्रिक रेग्युलेटर किंवा सेन्सरला फसवणारा डबा लावून काम भागवणारे आहेत; ते स्वस्त पडतं, पण ठिणगीच्या टायमिंगला हातच लागत नाही. इथं स्पीडुइनो लावतात, आर्डुइनो मेगावर चालणारा ओपन सोर्स ईसीयू, सोबत तीन बारचा मॅप सेन्सर. वायरिंग मिस्त्रींचा भाचा करतो, इलेक्ट्रॉनिक्समध्ये डिप्लोमा केलेला. प्रत्येक वायरला नंबर आणि शेवटी हातानं काढलेला नकाशा देतो. या नकाशासाठी मी एक तारा जास्त देईन.

टायमिंग बूस्टच्या दर पीएसआयमागं साधारण एक अंश मागं घेऊन (ठिणगी उशिरा पाडून) सुरुवात, प्लग एका नंबरनं थंड (एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड), गॅप कमी. नंतर डायनो, म्हणजे गाडी रोलरवर पळवून ताकद मोजायचं यंत्र. कोल्हापुरात तो नाही, म्हणून गाडी पुण्याला न्यावी लागली. तिथं मिस्त्रींनी ब्लॉकला एक चपटी केलेली तांब्याची नळी बोल्टनं आवळली, तिला रबरी पाइप जोडला आणि दुसरं टोक कानावरच्या मोठ्या इअरमफमध्ये. नॉकिंगचा टिकटिकाट त्यात स्वच्छ ऐकू येतो. भाचा लॅपटॉपवर, मामा कान लावून, आणि मामानं हात वर केला की भाच्यानं टायमिंग मागं घ्यायचं. डायनोवाली मंडळी बघत उभी राहिली. चाकांवर आधी ६८ बीएचपी मिळाले होते, शेवटी ९२. आणखी पाच-सहा निघाले असते. मिस्त्रींनी तिथं थांबवलं आणि वर दोन अंश टायमिंग कमी करून फाइल बंद केली, कारण उद्या पंपावर कसलं पेट्रोल मिळेल कुणी सांगावं. बूस्ट ०.५५च्या वर गेला की पेट्रोल बंद, हे सेटिंगही माझ्यासमोर तपासून दाखवलं.

चालवायला गाडी आता कशी आहे? दोन हजारापर्यंत जुनी एस्टीम, अडीच हजाराला कान टवकारते आणि तीन ते साडेपाच हजार नाद खुळा. क्लच पुढच्या हंगामात घसरू लागेल असं त्यांनी आधीच बजावलंय. ब्रेकला चांगले पॅड आणि नवीन डॉट ४ फ्लुइड टाकल्याशिवाय त्यांनी किल्ली दिली नाही.

आता तक्रारी. तीन आठवडे सांगितले होते, अडीच महिने लागले, आणि दर वेळी उत्तर एकच, "मंगळवारी येऊन बघा." स्टार्टरची जाड वायर डाउनपाइपपासून (टर्बोतून निघणाऱ्या धुराच्या नळीपासून) चार बोटांवरून गेली होती; मी सांगितल्यावर हीट स्लीव्ह आणि पत्र्याचं शील्ड घातलं, पण हे सांगावं लागायला नको होतं. वाळूचं वर आलंच. आणि बिल. एक लाख ८५ हजार दिले, हातात आली वहीच्या पानावरची बेरीज. टर्बोची पावती मागून घेतली तेव्हा मिळाली, बाकी इंजेक्टर, पंप, इंटरकूलर कशाचीच नाही. वॉरंटीचा दावा करायची वेळ आली तर मी काय दाखवणार?

कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं कंपनीनं ठरवून दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२अ(४)मध्ये अशा प्रत्येक बदलामागं पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमा कंपनीला क्लेम नाकारायला आयतं कारण मिळतं आणि समोरच्याची भरपाई तुमच्या खिशातून जाऊ शकते. मिस्त्री हे पहिल्याच दिवशी सांगतात आणि ऑफिसला रोज न्यायच्या गाडीला टर्बो बसवत नाहीत. तरी लोक बसवून झाल्यावर काय करतात ते त्यांच्या हातात नाही, म्हणून मी गॅरेजचा पत्ता चव्हाट्यावर टाकत नाही.

रस्त्यावर टर्बोच हवा असेल तर कंपनीनं दिलेला घ्या. २०१७ची बलेनो आरएस बघा: ९९८ सीसीत १०२ पीएस आणि १५० एनएम, टर्बो धरूनच डिझाइन केलेलं इंजिन, डायरेक्ट इंजेक्शन, आरसीवर सगळं जिथल्या तिथं. माझ्या एस्टीमची किंमत आणि हे काम मिळून जो आकडा होतो त्यात आणखी भर घातली तर अशी वापरलेली गाडी दारात येते. ट्रॅकसाठी जुनं, ओळखीचं इंजिन आहे आणि ते शाबूत ठेवून थोडं जास्त पळवायचंय, त्याच्यासाठी हे गॅरेज.

पाचपैकी चार. फोन उचलत नाहीत, मेसेजला उत्तर देत नाहीत. सकाळी दहाच्या आत गेलात तर शेडमध्ये असतात, त्यानंतर शेजारच्या बोअरिंगवाल्याकडं चहाला बसलेले सापडतील. जाताना गाडी घेऊन जा. नुसतं बोलायला आलेल्या माणसाला ते स्टूलसुद्धा देत नाहीत.